घरच्या वायफायवरच ठेवा कॉम्प्युटरचा बॅकअप

निडी : मोबाईलमधले फोटो बऱ्याच जणांचे आपोआप गूगलवर जातात. घरातल्या कॉम्प्युटरचं तसं नसतं. मुलांचे दाखले, सातबाऱ्याचे स्कॅन, दुकानाचा हिशेब, पेण-हमरापूरकडच्या गणपती कारखान्यांच्या ऑर्डरी, सगळं एकाच हार्ड डिस्कवर. ती बिघडली की सगळं गेलं. पावसाळ्यात आपल्याकडे लाईटचा खेळ चालूच असतो. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आणि जुलै २०२१ चा महाडचा पूर तर कोणीच विसरलेलं नाही.

सी ड्राईव्हवरची फाईल डी ड्राईव्हवर टाकली म्हणजे बॅकअप झाला, असा अनेकांचा समज आहे. पण बहुतेक घरगुती कॉम्प्युटरमध्ये सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात. प्रत दुसऱ्या मशीनवरच हवी.

घरात जुना लॅपटॉप आणि वायफाय राउटर असेल तर खर्च काही नाही. कॉपी घरातल्या घरात होते, त्यामुळे नेटचा डेटा जात नाही. रेंज गेली तरी राउटर चालू असला की झालं.

विंडोज १० किंवा ११ असेल तर असं करा :

१) दोन्ही मशीन एकाच वायफायवर जोडा. सेटिंगमध्ये नेटवर्क ‘प्रायव्हेट’ ठेवा.

२) जुन्या लॅपटॉपला पासवर्ड लावा. त्यावर ‘बॅकअप’ नावाचं फोल्डर करा. राईट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग, मग ‘शेअर’. परवानगी ‘रीड-राईट’ द्या.

३) मुख्य कॉम्प्युटरवर कंट्रोल पॅनेलमधून ‘फाईल हिस्टरी’ उघडा. ‘सिलेक्ट ड्राईव्ह’मध्ये ‘ॲड नेटवर्क लोकेशन’ दाबून ते फोल्डर निवडा आणि ‘टर्न ऑन’ करा.

यानंतर लॅपटॉप चालू असेल तेव्हा बदललेल्या फाईलींची दर तासाला कॉपी होते. मात्र ही सोय डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा ठरलेल्या फोल्डरपुरतीच आहे. डी ड्राईव्हवरचं काम डॉक्युमेंट्समध्ये आणून ठेवा.

एवढ्यावर थांबू नका. फाईलींना कुलूप लावून पैसे मागणारे व्हायरस नेटवर्कवरच्या फोल्डरपर्यंतही पोचतात. आणि घरात पाणी शिरलं तर दोन्ही मशीन एकदमच भिजणार. म्हणून महिन्यातून एकदा सुट्या हार्ड डिस्कवर तिसरी प्रत काढा, डिस्क काढून घ्या आणि उंचावरच्या नातेवाईकाच्या घरी ठेवा. आंबा-कुंडलिकेच्या काठच्यांनी हे काम मिरगाच्या आधीच उरकावं.

शेवटी एक फाईल बॅकअपमधून परत काढून उघडून बघा. उघडली, तरच बॅकअप आहे असं समजा.