वजन उतरविण्याचा निश्चय आणि घरचें ताट

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे झाले कीं आमच्या शनिवार पेठेंत एक दृश्य दरवर्षीं दिसतें. ओंकारेश्वराच्या बाजूस नदीकांठीं पहाटे चालणाऱ्यांची एकाएकी गर्दी होते. कानटोपी, नवे बूट आणि मनगटावर पावलें मोजणारें घड्याळ अशा थाटानें निघालेले हे गृहस्थ मकरसंक्रांतीच्या सुमारास शोधूं गेलें तर सांपडत नाहींत. त्यांचा निश्चय खोटा होता असें म्हणवत नाहीं. वजन उतरावें अशी त्यांची इच्छा मनापासूनचीच असते. मग आरंभ इतक्या जणांना साधत असतां तो टिकत कां नाहीं? या प्रश्नाचें उत्तर मीं पुष्कळ दिवस पुस्तकांत शोधलें. तें सांपडलें मात्र आमच्याच स्वयंपाकघरांत, आणि तेंही उशिरा.

मेदवृद्धीचा विचार आपल्याकडे नवा नाहीं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत निंदित शरीराचे आठ प्रकार सांगितले आहेत. त्यांत अतिकृश आणि अतिस्थूल या दोहोंचें विवेचन विस्तारानें केलें असून, दोहोंमध्यें स्थूलाची चिकित्सा अधिक कठीण ठरविली आहे. कारणें दिलीं आहेत तीं अतिभोजन, गोड व जड पदार्थ, व्यायामाचा अभाव, दिवसा झोंप, आणि कशाचीच चिंता नसणें. हें वाचतांना माझ्यासारख्या सेवानिवृत्त मास्तरास तें आपलेंच वर्णन वाटावें!

आधुनिक वैद्यकानें यांत जी महत्त्वाची भर घातली, तिच्यांत आपल्या पुण्याचा वाटा मोठा आहे. येथील के. ई. एम. रुग्णालयांतील संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन यांनीं २००४ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत स्वतःचींच छायाचित्रें शेजारीं शेजारीं प्रसिद्ध केलीं. उंचीच्या मानानें वजन किती हें दाखविणारा अंक, ज्यास बी. एम. आय. म्हणतात, तो दोघांचाही २२.३ होता. परंतु शरीरांतील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या ठिकाणींही चरबी लपलेली असते, असा याचा अर्थ. म्हणूनच केवळ वजनकांट्यावर विसंबूं नये. पुरुषाच्या पोटाचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरच्या पुढें गेला कीं सावध व्हावें, असें भारतीयांच्या बाबतींत आतां मानतात.

२०१८-१९ च्या सुमारास महाराष्ट्रांतील सुशिक्षित घरांत आहाराचे दोन संप्रदायच निर्माण झाले होते. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनीं जी पद्धति लोकांपुढें मांडली, तिचा नियम असा: खरी भूक लागते अशा दोनच वेळां निवडाव्या, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवावें, मध्यें कांहीं खाऊं नये, आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालावें. उलटपक्षीं, मुंबईच्या ऋजुता दिवेकर यांचें सांगणें असें कीं, दर दोन तासांनीं थोडथोडें खावें, तुपास भिऊं नये, आणि आजीच्या हातचे साधे पदार्थ सोडूं नयेत. लग्नाच्या पंगतींतसुद्धां शेजाऱ्याचा पंथ विचारल्यावांचून वाढप्यास पुढें सरकतां येईना!

आमच्या घरीं थोरले बंधू दीक्षितपंथी झाले आणि पुतणी दिवेकरपंथी झाली. माझें वजन ८४ किलो होतें. मीं दोन्ही पंथांचा आपल्या सोयीचा अर्थ लावला. दोनदां पोटभर जेवूं लागलों आणि मध्यें दर दोन तासांनीं थोडें तोंडांतही टाकूं लागलों. भिंतीवरच्या ‘कालनिर्णया’वर दर रविवारीं तिघांचीं वजनें लिहिलीं जात. पहिल्या महिन्यांत बंधूंचें तीन किलो उतरलें. घरांत त्याचा गवगवा झाला, मोदक झाले, आणि दोघांनींही ते खाल्ले.

या सर्व काळांत आमच्या वहिनींचें वजन कोणी लिहिलें नाहीं. सकाळीं दहा वाजतां बंधूंचें ताट, मधून मधून पुतणीच्या वाट्या, दुपारीं मुलांचें खाणें, संध्याकाळीं पुन्हां बंधूंचें ताट, असा चुलीचा फेरा दिवसभर चाले. एकानें पोळी सोडली, दुसरीनें भात सोडला. सोडलेलें अन्न टाकवत नाहीं म्हणून तें रात्रीं दहा वाजतां वहिनींच्या पानांत जाई. २०१९ च्या पावसाळ्यांत त्यांना एके दिवशीं उभ्या उभ्या अंधारी आली. रक्त तपासलें तेव्हां साखर बरीच वाढलेली निघाली. ज्या घरांत आम्ही सगळे आपल्या वजनाचा हिशेब भिंतीवर मांडीत होतों, त्या घरांतला मधुमेह स्वयंपाकघरांत सांपडला. डॉक्टरांनीं त्यांना आहार व व्यायाम सांगितला. घरीं आल्यावर मीं मोठ्या उत्साहानें उपदेशास आरंभ केला, तोंच त्या शांतपणें म्हणाल्या, “भाऊजी, तुमची दोन पथ्यं रांधता रांधताच दिवस सरतो, माझं तिसरं कोण रांधणार?”

या प्रश्नास माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. चाळीस वर्षें मुलांना नियमितपणाचे धडे दिले. परंतु एकाचा नियम पाळला जावा म्हणून दुसऱ्याचा दिवस खर्ची पडतो, हें माझ्या ध्यानांत आलें नव्हतें.

कोणता आहार श्रेष्ठ, हा वाद आम्ही त्या दिवशीं सोडून दिला. तो अन्यत्रही सुटलेला नाहीं. अमेरिकेंत बोस्टन येथें १६० जणांना चार निरनिराळे आहार वांटून देऊन वर्षभर एक प्रयोग केला गेला. त्याचा वृत्तान्त २००५ सालीं प्रसिद्ध झाला. चारही आहारांनीं सरासरी दोन-तीन किलोच वजन उतरलें. ज्यांना अधिक कडक आहार वांट्यास आले, त्यांच्यापैकीं जवळ जवळ निम्मे लोक वर्ष संपण्यापूर्वींच गळाले. मात्र आहार कोणताही असो, तो ज्यांनीं अधिक निष्ठेनें पाळला त्यांचें वजन अधिक उतरलें. पतंजलींनीं योगाभ्यासाविषयीं जें सांगितलें आहे तें येथेंही लागू पडतें: अभ्यास दृढ व्हावयाचा तर तो दीर्घ काळ, खंड न पाडतां आणि आदरानें व्हावा लागतो. पहिल्या महिन्याचा उत्साह या तिन्ही गोष्टींना पुरत नाहीं. त्यासाठीं दिनक्रमांत जागा लागते, आणि ती जागा घरच्या माणसांनीं मिळून करून द्यावी लागते.

याचें उत्तम उदाहरण सातारा जिल्ह्यांतील औंध संस्थानांत घडलें. तेथील अधिपति श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनीं प्रथम सुमारें दहा वर्षें सँडो या पाश्चात्य मल्लाच्या पद्धतीनें व्यायाम केला. पुढें १९०८ सालीं ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि तो नेम त्यांनीं उतारवयापर्यंत चालविला. स्वतः नमस्कार घालून ते थांबले नाहींत. राणीसाहेब व मुलें यांनाही त्यांनीं त्यांत ओढलें आणि संस्थानच्या शाळांतून नमस्कार सुरू केले. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत पुढें स्वतंत्र भारताचे राजदूत झाले. त्यांनींही सूर्यनमस्कारांवर पुस्तक लिहिलें. जो व्यायाम सगळें घर करतें, तो चुकवणाऱ्यास सकाळीं उठून कारण सांगावें लागतें!

आमचें घर कांहीं राजवाडा नव्हे. तरी आम्हींही आपल्यापुरती व्यवस्था लावली. पंथ बंद करून सर्वांसाठीं एकच स्वयंपाक ठरविला. वहिनींना गोळ्या चालू असल्यानें जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारून ठरविल्या. मधुमेहाचें औषध घेणाऱ्यानें आपल्या मनानें जेवण चुकवूं नये, तें धोक्याचें असतें. रात्रीं साडेसातला सर्वांनीं एकत्र बसावें आणि वहिनींचें पान पहिल्यानें वाढावें, हा नियम झाला. अर्ध्या ताटांत कोशिंबीर व भाजी, मग उसळ किंवा वरण, भाताची एकच मूद. उरलेल्या पोळ्या सकाळीं फोडणीला टाकून खाण्याचें काम बंधूंकडे गेलें. त्याबरोबर कणीक मोजून भिजूं लागली. सणाला गोड होतें, पण एकदां वाढलें कीं झालें. आमच्यांत पाहुण्यास आग्रह न करणें म्हणजे अपमान. म्हणून आग्रह लिंबाचा व कोशिंबिरीचा करावा, असें ठरलें. एकादशीस साबुदाण्याची खिचडी मात्र बंद झाली नाहीं. ती वाटीभरच मिळूं लागली, एवढेंच.

व्यायामाची वेळ प्रथम वहिनींना दिली. सकाळीं साडेसहा ते सव्वासात त्या आणि आमच्या सौ. फिरावयास जातात, तेवढ्या वेळांत चहा बंधू करतात, आणि मुलांचे डबे भरण्याचें काम माझ्याकडे आहे. शनिवारीं सगळे मिळून पर्वती चढतों. तिच्या १०३ पायऱ्यांवर प्रथम तीनदां बसावें लागे; आतां एकदां बसावें लागतें.

निराश होणाऱ्यांसाठीं दोन गोष्टी सांगतों. पहिल्या आठवड्यांत जें वजन झपाट्यानें उतरतें त्यांत पाण्याचा भाग मोठा असतो. पुढें शरीर हलकें झालें कीं त्याचा खर्चही कमी होतो, आणि कांटा महिना महिना हलत नाहीं. त्यास अपयश समजूं नये. वजन आठवड्यांतून एकदांच, ठराविक वेळीं करावें, आणि पोटाचा घेर महिन्यानें मोजावा. दुसरें, चालणें हें खाण्याचें भाडें समजूं नये. पाऊण तास चालून साधारण दीडशे-दोनशे कॅलरी खर्च होतात; तूप घातलेली एक पुरणपोळी त्याहून अधिक देऊन जाते. चालण्याचा लाभ निराळा आहे. स्नायू राबते राहतात, साखर आटोक्यांत राहते, झोंप बरी लागते, आणि उतरलेलें वजन पुन्हां चढत नाहीं.

माझें वजन चौदा महिन्यांत, तें करोनाच्या टाळेबंदींत थोडें वर-खालीं होत, ८४ वरून ७७ किलोंवर आलें. वहिनींच्या पोटाचा घेर ९ सेंटिमीटरनें उतरला आणि डॉक्टरांनीं त्यांची एक गोळी कमी केली. गणपतींत, लग्नसराईंत नेम मोडतो. दुसऱ्या दिवशीं साडेसहा वाजतां दाराशीं चपलांचा आवाज झाला कीं तो पुन्हां सुरू होतो.

वाचकांस एवढीच विनंती. येत्या पाडव्याला आहाराचा किंवा व्यायामाचा संकल्प करण्यापूर्वीं, आपल्या घरांत सर्वांत शेवटीं कोण जेवतें तें पाहावें, आणि संकल्पाची सुरुवात त्या पानापासून करावी.