एका ‘ई’चा फरक

‘बॉम्बे डाइंग’ हे नाव ठाऊक नाही असा कापडवाला मुंबईत सापडणार नाही. नवरोजी वाडिया यांनी 1879 साली सुरू केलेल्या या कंपनीची स्प्रिंग मिल दादर-नायगावला होती. तिच्या इंग्रजी नावात ‘वाय’नंतर एक ‘ई’ आहे. तो असला तर अर्थ कापड रंगवणे, गाळला तर मरणे! उच्चार मात्र एकच. रंगारी बांधवांनी पाटी आणि बिलबुक छापायला देताना हे अक्षर जरूर तपासावे. आम्ही उर्दू शाळेत शिकलेली माणसे. एक नुक्ता वरून खाली आला की ‘खुदा’चे ‘जुदा’ होते, हे आम्हाला वेगळे सांगायला नको.

पाटी चुकली तर लोक हसतील, इतकेच. पैशाच्या कागदावरची चूक महाग पडते. चेकवर सही करणारा तो ‘ड्रॉअर’. ज्या बँकेवर चेक काढला ती ‘ड्रॉई’. रक्कम ज्याला मिळायची तो ‘पेयी’. चेक परत आला तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम 138 प्रमाणे, बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत ‘ड्रॉअर’ला लेखी नोटीस द्यावी लागते. तिथे ‘ड्रॉई’ लिहिले की मागणी बँकेकडे केल्यासारखी होते आणि वाद घालायला समोरच्या वकिलाला आयते निमित्त मिळते.

बिल्टीवरही तेच. ‘कन्साइनर’ माल पाठवणारा, ‘कन्साइनी’ माल घेणारा. गाळ्याच्या करारात ‘लेसॉर’ मालक, ‘लेसी’ भाड्याने घेणारा. सही करण्याआधी आपले नाव कोणत्या शब्दासमोर आहे, तेवढे बोट ठेवून वाचावे.