बुरशीची करामत आणि स्टेरॉईडची गोळी

‘डॉक्टर, यात स्टेरॉईड तर नाही ना?’ हा प्रश्न मला दवाखान्यात वरचेवर ऐकावा लागतो. वास्तविक आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी कॉर्टिसॉल हे स्टेरॉईड रोजच तयार करीत असतात.

१९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका तरुणीला याच जातीचे कॉर्टिसोन टोचले. काही दिवसांतच ती चालू लागली! पण हे औषध गुरांच्या पित्तापासून बनविताना तीसहून अधिक रासायनिक पायऱ्या चढाव्या लागत. एका ग्रॅमला दोनशे डॉलर पडत. खरी अडचण होती स्टेरॉईडच्या सांगाड्यात अकराव्या कार्बनवर ऑक्सिजन बसविण्याची.

ती सोडविली बुरशीने. १९५२ साली अपजॉन कंपनीतील पीटरसन आणि मरे यांनी, शिळ्या पावावर काळी बुरशी येते तिच्याच कुळातील रायझोपस बुरशीला प्रोजेस्टेरॉन खाऊ घातले. तिच्यातील एन्झाइमांनी एका पायरीत ते काम केले. प्रोजेस्टेरॉन मेक्सिकोतील रानकंदापासून मिळतच होते. साहजिकच कॉर्टिसोनची किंमत झपाट्याने उतरली.

आता शास्त्रज्ञ समुद्रातील बुरशीकडेही याच कामासाठी पाहत आहेत. स्पंजांवर, खारफुटीच्या कुजत्या पानांवर वाढणारी ही बुरशी खाऱ्या पाण्याला सरावलेली असते. त्यामुळे तिची एन्झाइमे स्टेरॉईडच्या रेणूत निराळे बदल घडवतील, अशी आशा आहे. सेफॅलोस्पोरिन या प्रतिजैविकाचा उगमही १९४५ साली इटलीतील सार्डिनियाच्या किनाऱ्यावर सापडलेल्या बुरशीतच आहे.

मात्र वाचकहो, हे काम कारखान्यातच चालते. बुरशी आलेली भाकरी हे काही औषध नव्हे!

स्टेरॉईड स्वस्त झाले, तसा त्याचा गैरवापरही वाढला. सांधेदुखीवर, दम्यावर ‘हमखास गुण’ देणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत ते मिसळलेले आढळते. अशा पुड्या महिनोन् महिने घेतल्यास रक्तातील साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, जंतुसंसर्ग बळावतो.

याउलट डॉक्टरांनी दिलेली गोळी भीतीपोटी एकाएकी बंद करणेही धोक्याचे असते. दीर्घकाळ गोळ्या घेतल्यावर शरीरातील ग्रंथींचे काम मंदावते. गोळी अचानक थांबली तर रक्तदाब घसरून जिवावर बेतू शकते. मात्रा कमी करायची ती डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू. पुडी घेत असाल तर तीही डॉक्टरांना अवश्य दाखवा, लपवू नका.