झोप लागली म्हणजे आराम पडला?

"झोपू द्या ना त्याले, सिस्टर. आताच त डोया लागला."

अमरावतीचं इर्विन रुग्णालय असो की अकोल्याचं सर्वोपचार, डोक्याला मार लागलेल्या पेशंटच्या खाटेशी रात्री हे ऐकू येतंच. बोलणाऱ्याचा जीव पेशंटवर असतो, म्हणून त्याच्यावर रागावताही येत नाही. पण हा समज जीवघेणा आहे.

मोटारसायकलवरून पडलेला माणूस उठतो, चहा घेतो, घरच्यांशी बोलतो. त्याच वेळी कवटी आणि मेंदूचं आवरण यांच्यामध्ये रक्त साचत असू शकतं. काही तासांनी तो पेंगतो, घोरतो. घरचे म्हणतात, थकला बिचारा! ही झोप की बेशुद्धी, हे लांबून बघून डॉक्टरलाही सांगता येणार नाही. त्यासाठी पेशंटला उठवावंच लागतं.

उठवून काय बघायचं, ते ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी 1974 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडलं. तेच ग्लासगो कोमा स्केल. आज त्यात डोळे उघडण्याचे 4, बोलण्याचे 5, हालचालीचे 6 असे एकूण 15 गुण. कमीत कमी 3. खरं महत्त्व गुण उतरण्याला आहे. मघाशी 15 होते आणि आता 14 झाले, ते अर्धा तास तसेच राहिले, तर डॉक्टरला तातडीने बोलवा, असं ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेची मार्गदर्शिका सांगते. तपासणीही तिने ठरवून दिली आहे: गुण 15 होईपर्यंत दर अर्ध्या तासाला, नंतर दोन तास तशीच, पुढचे चार तास तासातासाने, मग दर दोन तासांनी. तेव्हा सिस्टर सतावत नाही, ती घड्याळ पाळते.

'चिमटे काढते' ही दुसरी तक्रार. हाकेला उत्तर आलं नाही, तरच खांद्याचा स्नायू दाबतात. तेव्हा वेदनेला हात कसा हलतो, यावर हालचालीचे गुण ठरतात. 'हात दाब' एवढं सांगूनही भागत नाही. बेशुद्ध माणसाची मूठ आपोआप आवळू शकते, म्हणून 'आता सोड' हेही सांगावं लागतं. बॅटरी डोळ्यांवर मारतात ती दोन्ही बाहुल्या सारख्या आहेत का, हे बघायला.

एक गैरसमज मात्र आमच्या, म्हणजे रुग्णालयातल्यांच्या, बाजूचा. धारणी-चिखलदऱ्याकडच्या कोरकू आजीला मराठीत महिना विचारायचा आणि ती गप्प राहिली की 'गोंधळलेली' लिहायचं, ही तपासणी नव्हे. नातेवाइकाला तिच्या भाषेत विचारायला लावा.

बाकीचे थोडक्यात. टेंगूळ आलं म्हणजे मार बाहेर निघाला: नाही, टेंगूळ आलं तरी आत रक्तस्राव असू शकतो. पहिला सीटी नॉर्मल, म्हणजे सुटलो: रक्तस्राव उशिराही होतो, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जास्तच. लकव्याला पारव्याचं रक्त चोळणं: लकवा मेंदूतल्या गुठळीने झाला असेल, तर ती विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत लागतं, ते तास चोळण्यात जातात.

आणि 'प्लास्टर म्हटलं की ठणकणारच' हा शेवटचा गैरसमज. गोळी-इंजेक्शनने न थांबणारा ठणका, बोटं सरळ करताना कळ, मुंग्या ही आत दाब वाढल्याची खूण आहे. नाडी लागते म्हणून निश्चिंत राहू नका. ती सगळ्यात शेवटी जाते. काही तासांत स्नायू कायमचे मरतात. हाडवैद्याने आवळून बांधलेल्या पट्टीलाही हेच लागू. रात्रीचे दोन वाजले असले तरी सिस्टरला बोलवा, सकाळच्या राउंडची वाट बघू नका.