कारखान्याचा खेळ आणि खेळणाऱ्यांची कैफियत

गुरसाळ्याजवळ वेणुनगर येथे असलेल्या श्री विठ्ठल सहकारी साखर कारखान्याचे गाळप ज्या पंढरपूरकराने एकदा लक्षपूर्वक पाहिले आहे, गव्हाणीत पडणारी मोळी, चरकांतून निघणारा रस, रसाचा पाक, पाकाची साखर, आणि उरलेला चोथा बॉयलरमध्ये जळून त्याच्याच वाफेवर पुन्हा चालणारी यंत्रे ज्याने न्याहाळली आहेत, त्याला ‘माइंडस्ट्री’ या संगणकीय खेळाचे मर्म समजावून सांगण्यास फारसे सायास पडू नयेत.

अनुक या टोपणनावाने वावरणाऱ्या एका प्रोग्रॅमरने 2017 साली अल्पमुदतीच्या एका खेळनिर्मिती-स्पर्धेसाठी आरंभिलेला आणि पुढे विस्तारत गेलेला हा खेळ ‘स्टीम’ या खेळविक्रीच्या मंचावर विकत घ्यावा लागत असला, तरी संगणकावर व अँड्रॉइड फोनवर तो विनामूल्य मिळण्याची सोय आहे. खेळाडूने तांबे, शिसे, वाळू, कोळसा ही द्रव्ये ड्रिलने खणून पट्ट्यांवरून आपल्या ठाण्याकडे वाहून न्यायची. दोन भाग कोळशातून एक भाग ग्रॅफाइट, तर एक भाग कोळसा, दोन भाग वाळू आणि वीज यांच्या संयोगातून सिलिकॉन सिद्ध करायचे. आणि लाटांसारख्या चालून येणाऱ्या शत्रूला तोंड देणाऱ्या तोफांची रसदही त्याच पट्ट्यांवरून पुरवायची.

एवढा विस्तीर्ण खेळ पैसा न घेता खुला ठेवल्याबद्दल खेळाडू कृतज्ञता व्यक्त करतात. त्यांची तक्रार असते ती नवशिक्याला पुरेसे मार्गदर्शन मिळत नाही, ही. तक्रार रास्त आहे. कोळसा आणि वाळू एकाच पट्टीवर सोडली व त्यांचे प्रमाण किंचित ढळले, की जादा झालेला माल तोंडाशी तुंबून सारी भट्टी बंद पडते. माल चहूकडे वाटणारे ‘राउटर’ एकाला एक लागून मांडले, तर माल पुढे सरकण्याऐवजी त्यांच्यातच मागेपुढे भटकत राहतो. प्रत्येक यंत्र आपल्या जागी निर्दोष आणि तरीही कारखाना ठप्प, हा अनुभव नवख्याला हताश करतो. पण दोष यंत्रात नसून दोन यंत्रांमधील मेळात आहे हे एकदा उमगले, की तोच खेळाडू रात्र जागवून मांडणी नव्याने रचू लागतो.

शत्रूविषयी मात्र मतभेद आहेत. निवांतपणे कारखाना उभारण्याची ज्यांना आवड आहे, त्यांना ही लढाई उपाधी वाटते, आणि 2020 सालच्या ‘शेप्झ’सारखा, केवळ आकृत्या कापून-जोडून पुढे पाठविण्याचा, शत्रुविरहित खेळ ते पसंत करतात. माझ्या मते लढाई असावी. कारण पुरवठ्यातील हलगर्जीची किंमत तोफ रिकामी पडते तेव्हाच कळते. तथापि स्वतंत्र डाव मांडताना या लाटा बंद ठेवण्याची मुभा ‘माइंडस्ट्री’तच आहे.

शिवाय खेळाची मूळ संहिता जीपीएल या मुक्त परवान्याखाली सर्वांस खुली असल्याने खेळाडूचे मत हे नुसते मत राहत नाही. ज्याला एखादा नियम खटकला, त्याने तो आपल्या प्रतीत बदलावा, आणि त्याच परवान्याच्या अटी पाळून ती प्रत इतरांना द्यावी, असा अधिकारच त्याला दिलेला आहे. ही संहिता जावा भाषेत लिहिलेली आहे. तेव्हा गोपाळपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात जावा शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी ती उतरवून घ्यावी आणि पट्टीवरचा माल एका यंत्राकडून दुसऱ्याकडे कोणत्या नियमाने जातो, तेवढाच भाग आधी वाचावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.