मध्यरेखेच्या काठावरचे पाथरी

परभणी जिल्ह्यातील पाथरीचे नाव अलीकडे निघते ते साईबाबांच्या जन्मस्थानाच्या वादात. परंतु गणितज्योतिषाच्या इतिहासात हेच गाव गोदावरीच्या उत्तर तीरावरचे ‘पार्थपूर’ म्हणून येते, आणि इ. स. १५०३ च्या सुमारास ‘सिद्धान्तसुंदर’ रचणारा ज्ञानराज येथलाच. भास्कराचार्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’नंतर (११५०) साडेतीनशे वर्षांनी ग्रहगणिताची सांगोपांग मांडणी पुन्हा हाती घेणारा हा पंडित मराठवाड्यात जवळपास विस्मृतीत जावा, हे नवलाचे नसले तरी खेदाचे आहे.

ग्रहगणित आपल्या गावाला लागू करायचे तर गावाचे अक्षांश आणि रेखांश हवेत. त्यांपैकी अक्षांश काढणे हे त्या काळी अवघड काम नव्हते. दिवस आणि रात्र समान असतात त्या विषुवदिनी बारा अंगुळे उंचीचा शंकू, म्हणजे सरळ उभी काठी, सपाट जमिनीवर रोवायची आणि भर माध्यान्ही तिची सावली मोजायची. ही सावली म्हणजे ‘पलभा’, आणि पलभेला बाराने भागले की त्या स्थळाच्या अक्षांशाची स्पर्शज्या मिळते. पाथरी सुमारे १९ अंश १५ कलांवर असल्याने तेथील पलभा ४ अंगुळे ११ व्यंगुळे भरते, तर उज्जैनची ५ अंगुळे ८ व्यंगुळे. अंगुळाचा साठावा भाग ते व्यंगुळ. एवढ्या सूक्ष्मतेने सावली वाचणे कठीण, तरी आकाश आणि अंगण यांपलीकडे दुसरे साधन लागत नसे.

रेखांशाची गोष्ट वेगळी. दोन स्थळांच्या रेखांशांतील फरक हा मुळात त्यांच्या स्थानिक वेळांतील फरक असतो आणि एका अंशाला दहा पळे, म्हणजे चार मिनिटे, पडतात; म्हणून मध्यरेखेसाठी, म्हणजे ज्या दक्षिणोत्तर रेषेपासून रेखांश मोजत तिच्यासाठी, गणिताने काढलेली चंद्रग्रहणाची वेळ आपल्या गावी प्रत्यक्ष दिसलेल्या वेळेशी ताडून ‘देशांतर’ ठरवावे, अशी जुनी रीत होती. तीत घटिकापात्र, म्हणजे वेळ मोजायचे पाण्याचे घड्याळ, एका घटीने (२४ मिनिटांनी) चुकले, तर पाथरीच्या अक्षांशावर स्थळ सहाशेहून अधिक किलोमीटर सरकते.

ही मध्यरेखा कोठून जाते, हे भास्कराचार्यांनी ‘करणकुतूहला’त (११८३) गावांची नावे देऊनच सांगितले आहे: लंका, देवकन्या, कांची, श्वेत पर्वत, पर्यली, वत्सगुल्म, उज्जयिनी, गर्गराट, कुरुक्षेत्र आणि शेवटी मेरू. वत्सगुल्म म्हणजे वाकाटकांचे वाशीम. पर्यली म्हणजे परभणीच्या सीमेलगतची परळी वैजनाथ असावी, कारण कांची आणि वाशीम यांच्यामधला तिचा क्रम नकाशाशी जुळतो. आधुनिक मोजणीला ही रेषा अर्थातच सरळ भरत नाही: उज्जैन ७५ अंश ४६ कलांवर, परळी सुमारे साडेशहात्तर अंशांवर, वाशीम ७७ च्या थोडे पुढे आणि कांची तर ८० च्या उंबरठ्यावर आहे. तरीही उत्तरेकडची नावे दीड अंशाच्या पट्ट्यात बसतात, आणि घटिकापात्राच्या भरवशावर हे साधले असेल, तर त्याला दाद द्यावी लागते.

पाथरी याच पट्ट्यात, उज्जैनच्या पूर्वेस सुमारे ४१ कलांवर आहे. भास्कराचार्यांच्या मते पृथ्वीचा परिघ ४९६७ योजने. विषुववृत्तापासून दूर जावे तसे समांतर वृत्त लहान होत जाते, म्हणून पाथरीच्या अक्षांशावर हा ‘स्पष्ट परिघ’ सुमारे ४६८९ योजनांवर येतो आणि ४१ कलांची जवळपास ९ योजने होतात. चंद्र दिवसाला सुमारे ७९० कला चालतो. या गतीला ९ ने गुणून ४६८९ ने भागले असता देशांतराचा संस्कार, म्हणजे मध्यरेखेसाठी काढलेल्या चंद्राच्या स्थानात करायची दुरुस्ती, जेमतेम दीड कला निघतो, म्हणजे चंद्रबिंबाचा विसावा हिस्सासुद्धा नाही. रेखांशाचा खरा जाच पार्थपूरच्या ज्योतिष्यांना घरबसल्या कधी जाणवलाच नसेल, तो यामुळे.

ज्ञानराजाला छळणारा प्रश्न निराळाच होता. पृथ्वी गोल आहे हे त्याला मान्य, कारण त्यावाचून अक्ष, पलभा, परिघ यांपैकी काहीच उभे राहत नाही. पण पुराणांतील शेष, वराह आणि कूर्म सोडायलाही तो तयार नव्हता. पृथ्वीला आधार मानला तर त्या आधारालाही आधार लागेल आणि ही साखळी संपणार नाही, तेव्हा पृथ्वी स्वतःच्याच शक्तीने स्थिर आहे, असे भास्कराचार्यांचे म्हणणे. त्यावर ज्ञानराजाचे उत्तर असे, की गिधाडासारखा अल्पशक्ती पक्षी चोचीत साप धरून प्रहरभर आकाशात राहू शकतो, तर अचिंत्य सामर्थ्याच्या कूर्मरूपी ईश्वराला कल्पभर पृथ्वी धरणे का अशक्य असावे? युक्तिवाद म्हणून हे लंगडे आहे, कारण साखळीचा आक्षेप त्याने खोडलेला नाही. मात्र गिधाडाचा दाखला पुस्तकी नाही, तो आकाशाकडे पाहणाऱ्या माणसाचा आहे.

त्याच सुमारास खुद्द पाथरीवरून दोन सुलतानशाह्या भांडत होत्या: गाव वऱ्हाडच्या इमादशाहीकडे होते, आणि निजामशाही घराण्याचे पूर्वज तेथल्याच ब्राह्मण कुळातले असल्याने बुऱ्हाण निजामशहाला ते हवे होते. या धामधुमीतही ज्ञानराजाच्या घरचे लेखन थांबले नाही. थोरल्या चिंतामणीने बापाच्या ग्रंथावर टीका लिहिली. धाकटा सूर्यदास म्हणजे उलट वाचले तर कृष्णकथा आणि सुलट वाचले तर रामकथा सांगणाऱ्या ‘रामकृष्णविलोमकाव्या’चा कर्ता, त्याने मात्र ज्यांच्याशी बाप वाद घालत होता, त्या भास्कराचार्यांच्याच बीजगणितावर १५३८ मध्ये आणि ‘लीलावती’वर १५४१ मध्ये टीका पूर्ण केल्या.