दुखत नाही, तोवरच दाखवा

आइस्क्रीमचा पहिला घास घेतला आणि दाढेतून कळ गेली. लवंग दाबून धरली, ठणका थांबला, विषय संपला! कीड मात्र कित्येक महिन्यांपासून मुक्कामाला असते. मग इतके दिवस पत्ता कसा लागत नाही?

दाताचं कवच, म्हणजे एनॅमल, हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. पण नखांसारखंच त्यातही मज्जातंतू नाहीत. दातांवरच्या चिकट थरातले जिवाणू साखर खाऊन आम्ल सोडतात आणि कवचातलं कॅल्शियम विरघळू लागतं. (अळीबिळी काही नसते.) लाळ ही झीज भरून काढते; पण तासातासाला गोड चहा-बिस्किट असेल तर तिला सवड कुठली? शहाबादी फरशीवर लिंबू सांडलं की डाग उठतो, तसा खडूसारखा पांढरा ठिपका दातावर उमटतो. इथवर फ्लोराइडनं डागडुजी होऊ शकते. कवच भेदून कीड आतल्या थरात गेली, की तिथल्या सूक्ष्म नळ्यांतून गारवा थेट नसेला जाणवतो. तीच ती कळ.

दोन दाढांच्या फटीतली कीड घरच्या आरशात दिसत नाही, बऱ्याचदा एक्स-रेतच सापडते. तेव्हा काही दुखत नसतानाच दंतवैद्यांकडे जाऊन या.